घाटात उभी राहिलेली गाडी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेचा पूल आणि शिरवळ मागे पडले, की डोंगर जवळ येऊ लागतात. पुढे खंडाळा लागतो. लोणावळ्याशेजारचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला. तेथून खंबाटकीची चढण सुरू होते. साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा आहे. जाणाऱ्यांना मात्र वळणावळणाने घाटच चढावा लागत आला आहे. पावसाळा सरताना हा डोंगर पाहत राहावा असा असतो. परंतु सुटीच्या दिवशी येथे अडकलेल्या कुटुंबाला हिरवाई दिसत नाही. पुढे मालाचा ट्रक बंद पडलेला असतो, रांग हलत नाही, मुले रडकुंडीला येतात आणि साऱ्यांचा राग त्या एका ट्रकवर जमा होतो.

वाचकहो, तो ट्रक ओलांडताना क्षणभर त्याच्याकडे पाहा. चाकांमागे दगड लावलेले असतात, मागच्या बाजूस रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या असतात. भरल्या गाडीला चढणीवर पुन्हा पुन्हा थांबून निघावे लागले, की क्लच प्लेट तापते, झिजते आणि अखेर पकड सोडते. इंजिनावर भार मोठा. वेग नसल्याने रेडिएटरला वारा अपुरा. पाणी उकळू लागते. (आपल्या मोटारीच्या बाबतीतही हे ध्यानी असावे : तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात.)

मग वाट पाहणे सुरू होते. फिटर खालच्या गावातून येणार, सुटा भाग साताऱ्याहून किंवा पुण्याहून, आणि तोही दुकान उघडे असेल तर. लांब पल्ल्याच्या अनेक चालकांना मेहनताना खेपेवर मिळतो. घाटात उभ्या राहिलेल्या दिवसाचे त्यांना कोणी काही देत नाही. वाटखर्चाची रक्कम मात्र चहा-जेवणात आटत जाते. गाडी स्वतःची असली, तर दुरुस्तीचा भुर्दंडही त्याच्याच माथी, आणि कर्जाचा हप्ता काही घाटात अडकत नाही. आत टोमॅटोसारखा नाशवंत माल असेल, तर भाड्यातून पैसे कापले जाण्याची धास्ती वेगळीच.

गाडी सोडून जाता येत नाही, कारण डिझेल, बॅटरी आणि माल यांची राखण करायची असते. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, उत्तमच झाले. पण रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि इंजिन बंद पडले की थंडावाही संपला. जवळपास शौचालय नसल्याने माणूस पाणी जपून पितो. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या चालकाची गोळी आणि जेवण यांच्या वेळा विस्कटतात. बरोबर घेतलेल्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपुरत्याच असतात.

माझ्या मते खरा धोका गाडी दुरुस्त झाल्यानंतर सुरू होतो. बुडालेला दिवस भरून काढायला चालकाजवळ झोपेखेरीज दुसरे काहीच नसते. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१च्या कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्यासाठी फार तर १०. खेपेच्या हिशेबात ते तास कोण मोजतो? रात्रभर राखण केलेला माणूस पहाटे क्लच बसताच वेळे, सुरूर मागे टाकून कोल्हापूर, बेळगाव करत बंगळुरूच्या दिशेने निघतो. त्याच रस्त्यावर आपली मोटार असते आणि मागच्या आसनावर आपली मुले झोपलेली असतात.

तेव्हा घाटात रांग लागली तर आपली मार्गिका सोडू नका. बाजूने पुढे घुसणाऱ्या मोटारीच क्रेनची आणि फिटरच्या दुचाकीची वाट अडवतात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे; फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. सुरक्षित जागी थांबता आले तर पाण्याची एक बाटली आणि डब्यातल्या दोन पोळ्या त्या चालकाला द्या, आणि “दादा, गोळ्या वगैरे काही लागतात का? खालून कोणाकडे पाठवू?” एवढे विचारा.