यंदा टप्पा नाही

फूटीच्या सामन्यातला पहिला क्षण मला सगळ्यात जास्त आवडायचा. पंच मैदानाच्या मध्यावर येतो, लंबगोल चेंडू दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेतो आणि अंगातली सगळी ताकद लावून जमिनीवर आपटतो. चेंडू सरळ वर गेला तर गेला, नाहीतर तिरका कुठेही पळतो, आणि दोन बाजूंचे दोन धिप्पाड गडी धावत येऊन हवेत एकमेकांवर आदळतात. २०२६च्या हंगामापासून हे बंद. पंच आता चेंडू नुसता वर फेकणार, बास्केटबॉलसारखा.

कारणं पटण्यासारखी आहेत. चेंडू सरळ आपटणं हे अवघड कसब आहे, त्यात पंचांच्या पाठीची वाट लागते, टप्पा वाकडा पडला की पुन्हा सगळं थांबवावं लागतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे. कधी पास होणारी, कधी उगाच फेल होणारी टेस्ट दिसली की ती दुरुस्त करणं किंवा सरळ उडवणं हेच माझं काम. तरीही बातमी वाचली तेव्हा कुणीतरी घरातली वस्तू न विचारता भंगारात दिल्यासारखं वाटलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब; मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू घातला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे नेम चुकला तरी अगदीच रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. १८५९ साली मेलबर्नमध्ये याचे नियम लिहिले गेले. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग हलतं ठेवावं, हा त्यामागचा एक विचार होता.

मी मेलबर्नला आलो तेव्हा ऑफिसात पहिल्या आठवड्यात तीन जणांनी विचारलं, तू कुणाचा? व्हिसा, जात, पगार, गाव असलं काही नाही, टीम कुठली एवढंच. मला हसू आलं, कारण मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की हाच प्रश्न असतो आणि उत्तर तुम्ही जन्मलात तेव्हाच ठरलेलं असतं. आमचं घर पाटाकडीलचं. आजोबांपासून. मी फुटबॉलला लाथही धड मारू शकत नाही, पण ते विचारात घेतलं जात नाही. इथेही तसंच: कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन ही मुळात उपनगरांची नावं, म्हणजे आपल्या पेठाच. फरक इतकाच की इथे माझा जन्म झालेला नव्हता, त्यामुळे पेठ मला निवडावी लागणार होती.

निवडली कसली, भाड्याने ठरवली. खोली परवडली ती मुराबिनला, फ्रँकस्टनच्या रेल्वेमार्गावर. सकाळी पळायला जायचो तो रस्ता लिंटन स्ट्रीटच्या मैदानावरून जायचा, आणि तिथे लाल-पांढऱ्या-काळ्या कपड्यांतली पोरं सराव करत असायची. सेंट किल्डा. घरी येऊन इतिहास वाचला. क्लबची स्थापना १८७३. १८९७ला लीग सुरू झाली, पहिल्या तीन हंगामांत एकही विजय नाही. तक्त्यात तळाला राहण्याचा पराक्रम सत्तावीस वेळा. आणि अजिंक्यपद? एक. १९६६. समजदार माणसाने इथेच टॅब बंद केला असता.

पण ते एक अजिंक्यपद कसं मिळालं ते पाहा. कॉलिंगवूडविरुद्ध अंतिम सामना, शेवटची मिनिटं, दोघांचे ७३ गुण. बॅरी ब्रीनने चेंडू मारला तो काही नीट बसला नाही, हेलकावे खात गेला आणि सहाच्या खांबांमधून न जाता बाजूच्या फटीतून गेला. एक गुण. ७४–७३. सव्वाशेहून जास्त वर्षांची लीग, आणि आमच्या पदरात आहे ते एका चुकलेल्या नेमामुळे. २०१० साली पुन्हा कॉलिंगवूड, पुन्हा अंतिम सामना. आम्ही एका गुणाने मागे. लेनी हेजने लांब चेंडू मारला, गोलासमोर स्टीफन मिल्न धावत होता, चेंडू त्याच्या हातात बसायचा तो टप्पा पडून भलतीकडे वळला आणि फटीतून गेला. ६८–६८. बरोबरी. तेव्हाच्या नियमाने आठवड्याने सामना पुन्हा खेळवला आणि आम्ही ५६ गुणांनी हरलो. टप्प्यावर चिडायचा कुणाला हक्क असेल तर तो आम्हाला. तरी मला टप्पा हवा आहे, आणि का ते मला नीट सांगता येत नाही.

हे सगळं मला शिकवलं ते शेजारच्या म्हातारबांनी. मी मनातल्या मनात त्यांना म्हातारबा म्हणतो. तोंडावर इथल्या पद्धतीप्रमाणे नुसतं नाव. सेवानिवृत्त ट्रामचालक. १९६६ला दहा वर्षांचे होते, तिकीट मिळालं नाही म्हणून बापाबरोबर रेडिओवर ऐकलं. त्यानंतरची साठ वर्षं वाट पाहताहेत. आपल्याकडे साठीला शांत करतात असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, कप आणला तर मी आपोआप शांत होईन.

त्यांच्यापासून मी एक गोष्ट बरेच दिवस लपवली होती. २७ जुलै २०२५, रविवार, मार्व्हल स्टेडियम, समोर मेलबर्न. आम्ही दोघं गेलो होतो. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही ४६ गुणांनी मागे. सोमवारी सकाळी रिलीज होतं, थंडी होती. मी म्हणालो, जातो मी. ते काही बोलले नाहीत, पाय आखडून वाट दिली. सदर्न क्रॉसहून गाडी पकडली. कॉलफील्डच्या आसपास फोन थरथरायला लागला. गोल, गोल, आणखी एक गोल. शेवटी नसाया वँगनीन-मिलेराने आठेक सेकंद उरले असताना बरोबरी केली. पुन्हा मध्यावरून सुरुवात, तर मेलबर्नचे खेळाडू ठरलेल्या जागी नव्हते, म्हणून आम्हाला मोफत चेंडू मिळाला. तो वँगनीन-मिलेरानेच झेलला आणि भोंगा वाजून गेल्यावर गोल मारला. सहा गुणांनी जिंकलो. शेवटच्या क्वार्टरमध्ये एवढी पिछाडी लीगच्या इतिहासात कुणीच भरून काढली नव्हती, आणि मी एका रिकाम्या डब्यात, मोबाइलच्या चार इंची पडद्यावर ती पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठपर्यंत पोचला होतास? घरी, म्हणालो. टीव्हीवर पाहिलं. खोटं.

त्या विजयाने भुलून जायचं कारण नाही, हंगामाअखेर आम्ही बारावेच होतो. पण त्यानंतर क्लबने जे केलं त्यावरून आमचं दोघांचं जुंपलं आहे. वँगनीन-मिलेराला ॲडलेडचे दोन्ही क्लब घरी बोलावत होते. तो दोन वर्षांसाठी थांबला, बातम्यांवर विश्वास ठेवायचा तर वर्षाला वीस लाख डॉलरच्या आसपास घेऊन. कार्लटनहून टॉम डी कोनिंग आला, त्याचा आकडा सतरा लाखांच्या घरातला सांगतात. गोल्ड कोस्टहून सॅम फ्लँडर्स, वेस्ट कोस्टहून लियम रायन. आणि जॅक सिल्वाग्नी, ज्याचे आजोबा कार्लटनचे, वडील कार्लटनचे. आमच्याकडे पाटाकडीलच्या तिसऱ्या पिढीने दिलबहारचा शर्ट घातला तर मंगळवार पेठेत काय होईल याची कल्पना करा.

माझं मत स्पष्ट होतं: बरं झालं. या लीगमध्ये पगारावर मर्यादा आहे, तळाच्या टीमला नव्या पोरांच्या निवडीत पहिला नंबर मिळतो, सगळी रचना अशी की प्रत्येकाची पाळी कधी ना कधी यावी. आमची साठ वर्षांत आली नाही. मग पैसे टाकून माणसं आणायला काय हरकत? म्हातारबांचं म्हणणं, घरची पोरं घडवायला धीर लागतो. सर्वात जास्त पगार देणाऱ्याकडे आलेला माणूस दुसरा जास्त देणारा भेटला की जाईल. असं आणून जिंकलेला कप मी कपाटात ठेवीन, पण रडणार नाही त्याच्यासाठी.

गंमत म्हणजे आमचे पप्पाही तेच म्हणतात. कोल्हापुरातही परदेशी खेळाडू आले तेव्हापासून त्यांची कुरकुर चालू आहे. फोनवर मी डी कोनिंगचा आकडा सांगितला तर म्हणाले, "आरं, भाड्यानं आणलेल्या पोरांनी कप मारला तर त्यो पेठेचा कसा?" मग जरा थांबून, "तुझं काय, बदली मिळते म्हणालेलास पुण्याला?"

मिळते. मार्चअखेर कळवायचं आहे. मीही जास्त पगार देणाऱ्याकडे आलेलाच माणूस आहे. मुराबिनमध्ये कुणाच्या आजोबांनी मला आणलं नाही, एका कंपनीच्या पत्राने आणलं. म्हणून म्हातारबांशी वाद घालताना माझा आवाज चढतो. परवा मी त्यांना यादी वाचून दाखवली: निक रीवोल्ट गोल्ड कोस्टला वाढला. निकी विनमार पश्चिम ऑस्ट्रेलियातून आला, १९८७ साली. १९९३मध्ये व्हिक्टोरिया पार्कवर कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी दिवसभर वर्णावरून शिव्या दिल्या, तेव्हा सामना जिंकून त्याने त्यांच्याकडे तोंड करून जर्सी वर केली आणि स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवलं. या क्लबचा जगात सर्वात माहीत असलेला फोटो तो आहे. तो घरचा की बाहेरचा?

म्हातारबा बराच वेळ कुंपणाच्या पलीकडे झारी घेऊन उभे होते. म्हणाले, विनमारने बारा वर्षं काढली इथे. डी कोनिंगने अजून एक हिवाळाही काढलेला नाही. मग झारी खाली ठेवून, "तू किती काढलेस?"

चार, म्हणालो.

"साडेतीन आणि एक क्वार्टर कमी," ते म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. गाडीत होतो हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, कारण त्या संध्याकाळी मी घरात शिरलो तेव्हा त्यांच्या बायको दारातच उभ्या होत्या.

बाकी मतं थोडक्यात. यंदा आठांऐवजी दहा टीम बाद फेरीच्या उंबरठ्यावर जाणार, सातवा-दहावा आणि आठवा-नववा भिडणार. अठरातल्या दहांना संधी म्हणजे परीक्षेत सगळ्यांना ग्रेस मार्क. तत्त्व म्हणून मला मान्य नाही. आम्ही दहावे आलो तर तत्त्व सप्टेंबरपुरतं बाजूला ठेवीन. लागोपाठ दोनदा जिंकलेल्या ब्रिस्बेनला यंदाही कुणी अडवेल असं वाटत नाही. आमचा आकडा मी सहा ते नऊमध्ये धरतो. मॅक्स किंग २०२५मध्ये दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. तो उभा राहिला तर सहा, नाहीतर नऊ. डी कोनिंगबद्दल म्हातारबांना आणि मला एकच गोष्ट मान्य आहे: चेंडू फेकून सुरुवात होणार असेल तर त्याच्यासारख्या उंच, उडी मारणाऱ्या गड्याचा फायदाच होईल. म्हणजे ज्या नियमावर मी चिडलोय तोच आम्हाला तारेल, असंही होऊ शकतं.

सदस्यत्वाचे पैसे मी भरले आहेत, पूर्ण वर्षाचे, परत न मिळणारे. पुण्याच्या मेलला अजून उत्तर दिलेलं नाही. पहिला सामना एमसीजीवर, अर्थात कॉलिंगवूडशीच. तिकिटं शेजारशेजारची आहेत. दर वेळी जिन्याच्या कडेची खुर्ची माझी असायची. या वेळी तिथे आपण बसणार, असं म्हातारबांनी कळवलं आहे. त्यांचे गुडघे आता पटकन आखडत नाहीत, त्यामुळे मधेच कुणाला वाट देता येणार नाही म्हणे.