पुढच्या गावात मिळालेलं नाव

नॉटिंगहॅमहून सुटलेली छोटी गाडी बीस्टन मागे टाकून लगेचच थांबली. त्या स्टेशनवर उतरणारी मी एकटीच होते. फलाटावरच्या पाटीवर गावाचं नाव होतं, ॲटनबरो. हा शब्द आपल्याला ठाऊक आहे तो माणसांचं आडनाव म्हणून. इथे मात्र तो रेल्वेफाटकापलीकडच्या विटांच्या घरांचा, झाडांमागून डोकावणाऱ्या चर्चच्या टोकदार मनोऱ्याचा आणि त्यामागच्या तळ्यांचा होता. पाटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते लहानपणी, ‘गांधी’ चित्रपटाच्या पडद्यावर. १९८२ साली आलेला रिचर्ड ॲटनबरो यांचा तो चित्रपट आमच्या घरात जवळजवळ घरचा मानला जाई. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, कस्तुरबांच्या भूमिकेत पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी, आणि पडद्यावर दिसणारा आगाखान पॅलेस तर आम्ही सहलीला जाऊन पाहिलेला. पुढे टीव्हीवर धाकट्या भावाचा, डेव्हिड ॲटनबरोंचा आवाज घरात आला आणि जंगलं, समुद्र, पक्षी घेऊन आला. एवढ्या दोन मोठ्या माणसांमुळे मला वाटायचं, हे इंग्लंडमधलं घरोघरी आढळणारं आडनाव असणार. प्रत्यक्षात ते दुर्मीळ आहे. १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेतली आडनावं अभ्यासकांनी नकाशावर मांडली आहेत. त्यात स्मिथ आणि जोन्स यांनी मोठमोठे प्रदेश व्यापलेले दिसतात. ॲटनबरो मात्र नॉटिंगहॅमशर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशरमध्ये घट्ट गोळा झालेलं आहे. बाकी देशभर नुसते शिंतोडे.

तो नकाशा पाहिल्यापासून या गावात यायचं मनात होतं. त्याला एक घरगुती कारणही होतं. माझं माहेरचं आडनाव ‘कर’ लागून संपतं. ते कोकणातल्या ज्या लहान गावावरून आलं, त्या गावात आमच्या आजोबांनीही कधी मुक्काम केला नव्हता. लग्नानंतर तेही आडनाव मागे राहिलं. न पाहिलेल्या गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवायचं आणि एके दिवशी तेही उतरवून ठेवायचं, याचा अर्थ काय, हा प्रश्न माझ्यासोबत प्रवासाला आला होता.

प्रवासाची सुरुवात आदल्या दिवशी लेस्टरला झाली. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात अठरा मजली ॲटनबरो टॉवर आहे. हे नाव त्या दोघा भावांच्या वडिलांचं. फ्रेडरिक ॲटनबरो १९३२ पासून तिथल्या कॉलेजचे प्राचार्य होते. जुनी इंग्रजी भाषा हा त्यांचा विषय. सर्वांत जुन्या इंग्रज राजांच्या कायद्यांचं त्यांनी संपादित केलेलं पुस्तक १९२२ साली प्रसिद्ध झालं. ज्या भाषेतून आपलं आडनाव घडलं, तीच भाषा त्यांनी आयुष्यभराचा अभ्यास म्हणून निवडली. १९३९ साली जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू बहिणींना या घराने आसरा दिला. त्या सात वर्षं तिथे राहिल्या. आडनाव वेगळं असूनही मुली घरच्या होऊ शकतात, हेही या घराने दाखवलं.

याच विद्यापीठात १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची पद्धत सापडली. पुढे तिथल्याच ट्युरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी आडनावांना हात घातला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने जातं. मग एका आडनावाचे पुरुष एकाच मूळपुरुषाचे वंशज असतात का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चाळीस आडनावांच्या १६७८ पुरुषांची तपासणी होती. स्मिथ आडनावाच्या पुरुषांमध्ये काही नातं दिसलं नाही. दिसणार तरी कसं? स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगावी असायचा. उलट आडनाव जितकं दुर्मीळ, तितकं रक्ताचं नातं दाट. ॲटनबरो मंडळींत तर दहातल्या जवळपास नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच घराण्याचं निघालं.

या निष्कर्षाने एक जुना वादही हलका होतो. ‘ॲटनबरो’चे दोन अर्थ लावले जातात. पहिला अर्थ, ‘अॅडा’ नावाच्या कुणाची तटबंदीची जागा, म्हणजे अॅडाची गढी. हा या गावाच्या नावाचा अर्थ. दुसरा अर्थ, ‘ॲटन बरो’ म्हणजे ‘गढीपाशी राहणारा’. आपल्याकडे असता तर त्याला गढीकर म्हटलं असतं. पण गढीपाशी राहणारे लोक इंग्लंडात शेकडो ठिकाणी होते. आडनाव तिथून आलं असतं तर ते देशभर विखुरलं असतं. नकाशा आणि रक्त दोन्ही या एका कोपऱ्याकडे बोट दाखवतात. म्हणून मी पाटीसमोरून हलले आणि अॅडाच्या गढीकडे निघाले.

गढीचं आता काही उरलेलं नाही. आहे ते सेंट मेरीचं मध्ययुगीन चर्च. त्याला लागून असलेल्या घरात हेन्री आयर्टन जन्मला. १६११ साली याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो क्रॉमवेलचा सेनापती आणि जावई झाला, आणि १६४९ साली राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आदेशावर सही करणाऱ्यांत त्याचं नाव लागलं. मला त्याच्या पराक्रमापेक्षा आडनावाने थांबवलं. आयर्टन हेही मूळचं गावाचंच नाव, आणि ते गाव शेजारच्या डर्बीशरमधलं. म्हणजे ॲटनबरो गावातला सर्वांत गाजलेला माणूस दुसऱ्याच गावाचं नाव घेऊन जगला.

तिथे उभी असताना माझ्या ‘कर’चं गणित सुटलं. साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यात कुणी सातारकर म्हणत नाही. तिथे सगळेच साताऱ्याचे. तो वाईला गेला, पुण्याला गेला, की मग ‘तो कोण? तो सातारकर’. गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सुटल्यावर. राहणाऱ्यांना ते नाव मिळत नाही, निघून गेलेल्यांना मिळतं. हट्टंगडी हे आडनावही असंच, कर्नाटकातल्या हट्टियंगडी गावावरून आलेलं आणि पुण्या-मुंबईत ओळखीचं झालेलं. नॉर्मन विजयानंतरच्या तीन-साडेतीनशे वर्षांत इंग्लंडात आडनावं पक्की होत गेली. त्या काळात अॅडाच्या गढीवरून कुणीतरी उठून पलीकडच्या गावात गेलं असणार. १३४८ च्या महामारीने गावं ओस पडल्यावर रोजगार शोधत अशी माणसं आणखी फिरू लागली. मुलगे झाले तर नाव पुढे गेलं, सगळ्या मुलीच झाल्या तर तिथेच थांबलं. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ साली घराण्यांची नावं कशी विझतात याचं गणितच मांडलं. बहुतेक नावं काही पिढ्यांत संपतात, हे त्यांच्या मांडणीचं सार. दुर्मीळ आडनाव म्हणजे अशा कितीतरी विझलेल्या दिव्यांमधला तगून राहिलेला एक दिवा.

चर्चच्या आवारातली एक कबर मात्र नावांचा सगळा विचार थांबवते. इथून जवळच चिलवेलला पहिल्या महायुद्धात तोफगोळे भरण्याचा प्रचंड कारखाना होता. हजारो स्त्रीपुरुष तिथे राबत. १ जुलै १९१८ रोजी संध्याकाळी स्फोट झाला आणि १३४ जण गेले. त्यांपैकी फक्त ३२ जणांची ओळख पटली. बाकीच्यांना या आवारात एकत्र पुरलं. सकाळी हजेरीपटावर या प्रत्येकाला नाव होतं, आडनाव होतं. संध्याकाळी कुठला देह कोणत्या नावाचा हे सांगता येईना. ज्या गावाने एका घराण्याला सातशे वर्षं टिकणारं नाव दिलं, त्याच गावाच्या मातीत ही शंभरावर माणसं ओळखीवाचून झोपली आहेत. मी तिथे हात जोडले. नावाची किंमत मला कुठल्याच ग्रंथाने इतकी स्पष्ट सांगितली नव्हती.

चर्चमागून वाट थेट तळ्यांवर जाते. ट्रेंट नदीकाठची ही तळी माणसाने केलेली आहेत. १९२९ पासून इथून वाळू आणि खडी काढली गेली, खड्ड्यांत पाणी भरलं आणि पाण्यावर पक्षी आले. १९६६ साली त्याचं निसर्ग राखीव क्षेत्र झालं. त्याचं उद्घाटन केलं डेव्हिड ॲटनबरो यांनी. नाव गावातून बाहेर पडलं होतं, ते माणूस होऊन परत आलं. पाण्यावर तुरेवाल्या डुबक्यांची जोडी समोरासमोर माना हलवत होती. दूर रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ अजस्र मनोरे दिसत होते, २०२४ मध्ये कायमचे थंड झालेले. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं ते शेवटचं वीजकेंद्र.

तळ्याकाठी मला हेन्री ब्रॉम गपी आठवले. जहाजावरचे डॉक्टर आणि निसर्ग अभ्यासक. सॉलोमन बेटांची प्रवाळं आणि झाडंझुडपं पाहून आलेल्या या माणसाने १८९० साली ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ घरांवर पुस्तक लिहिलं. त्यांची युक्ती साधी होती. शेतकरी जमिनीला धरून राहतो, म्हणून जिल्ह्याजिल्ह्याच्या सूचींतून शेतकऱ्यांचीच नावं मोजायची. कोणतं नाव देशभर आहे, कोणतं चार जिल्ह्यांत आणि कोणतं एकाच जिल्ह्याला चिकटून आहे, अशी त्यांनी वर्गवारी केली. पुढे त्यांनी समुद्रावर तरंगत बेटांवर पोचणाऱ्या बियांवर मोठं काम केलं. बी आणि आडनाव, दोन्हींचा प्रवास त्यांनी एकाच नजरेने पाहिला असावा. काही बिया झाडाखालीच रुजतात, एखादी पाण्यावरून फार लांब जाते. यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाची गोष्ट तशीच आहे. लेस्टरच्या संशोधकांनी त्या आडनावाचे अठरा पुरुष तपासले. त्यांतल्या सात जणांच्या रक्तात पश्चिम आफ्रिकेतलं वाय गुणसूत्र निघालं. केव्हातरी आफ्रिकेतून आलेला एक पुरुष त्या गोऱ्या घराण्याच्या मुळाशी निवांत बसलेला होता. दुर्मीळ नाव म्हणजे शुद्ध वंश, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आडनाव वाट सांगतं. त्या वाटेवर कोण कोण भेटलं, ते सांगत नाही. आणि ज्या स्त्रियांमुळे घराणं वाढलं, त्यांची नावं तर या नकाशावर उमटतच नाहीत. माझं माहेरचं नावही माझ्या मुलांच्या नकाशावर असणार नाही.

दुपारी मी पायीच स्टेपलफर्डकडे निघाले. फ्रेडरिक ॲटनबरो १८८७ साली तिथे जन्मले. आधी टोटन लागतं, तिथे रेल्वेच्या रुळांचं मोठं जाळं आहे. डावीकडे एरेवॉश नदी, नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशरची सीमा. नकाशावर हे आडनाव या लहानशा नदीच्या दोन्ही काठांवर दाट दिसतं. तास-सव्वा तासात मी स्टेपलफर्डच्या सेंट हेलनच्या चर्चपाशी पोचले. तिथे नॉर्मनांच्याही आधीचा, कोरीव नक्षीचा एक दगडी क्रूसस्तंभ उभा आहे, वरचं टोक झिजलेला. मुलांसाठी ज्ञानकोश रचणारे आर्थर मी हेही याच गावचे. मोठा प्रवास करून आल्यासारखी मी दमले होते. पण अंतर पाहिलं तर ते पाचेक किलोमीटर. तेवढ्यावर गावाचं आडनाव होतं. फार लांब जावं लागत नाही. जिथे पोचल्यावर लोक आपल्याला ओळखत नाहीत, तेवढं लांब गेलं की पुरे.

बसथांब्यावर एक आजी पिशवी घेऊन बसल्या होत्या. या भागात अनोळखी माणसालाही ‘डक’ म्हणतात, आपल्या ‘बाळा’सारखं. माझे धुळीचे बूट पाहून त्यांनी विचारलं, “कुठून आलीस गं, डक?”

खरं तर मी पुण्याहून आले होते. पण उत्तर आपोआप निघालं, “ॲटनबरोहून.”

त्यांनी मान डोलावली आणि बस येत होती त्या दिशेला पाहू लागल्या. सातशे वर्षांपूर्वी याच वाटेने आलेल्या कुणाला असंच कुणीतरी विचारलं असणार, आणि त्यानेही हेच उत्तर दिलं असणार.