चार थाऊची फट

रत्नागिरीची हवा हापूसला मानवते, लोखंडाला नाही. समुद्रावरून येणारा खारा वारा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस आणि उरलेल्या महिन्यांतही अंगाला चिकटणारा दमटपणा. अशा गावात १९६२ सालची जग्वार मार्क टू बाळगणं हा शहाणपणाचा उद्योग आहे, असं माझं मुळीच म्हणणं नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. त्यामुळे गंज लागला की नुसतं रूप जात नाही, कणाच जातो. दरवाजांखालच्या आडव्या पेट्या आतून सडत राहतात आणि वरून रंग तुकतुकीत दिसतो. म्हणून दर मे महिन्यात मी गाडीखाली आडवा होतो, पेट्यांची बुचं काढतो आणि आत मेण-तेल फवारतो. शेजारी म्हणतात, "मास्तर, एवढ्या पैशात नवी गाडी दारात आली असती." आली असती, खरंच.

मास्तर म्हणतात ते आयटीआयमधल्या नोकरीमुळे. लेथ आणि ग्राइंडर शिकवण्यात हयात गेली. गाडी मात्र पगारातून येण्यासारखी नव्हती, ती भंगाराच्या भावात आली. साठच्या दशकात परदेशी गाडी आयात करणं सामान्यांना जवळजवळ अशक्य होतं. वकिलातींतले अधिकारी आपल्या गाड्या आणत आणि बदली झाली की त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. मुंबईतले नट, व्यापारी त्यांच्यावर टपून असत. माझी गाडीही त्याच वाटेनं आली आणि दोन-तीन हात बदलून आंब्याच्या एका बागेतल्या मांगरात पोचली. मी तिला पाहिलं तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ब्रिटिश कातड्याची एवढी कदर इंग्लंडमध्येही कुणी केली नसेल.

गाडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी डॅशबोर्डवरून हात फिरवतो. अक्रोडाच्या लाकडाची नक्षी, मधोमध ओळीनं मांडलेली स्मिथ्सची घड्याळं, त्यांच्याखाली खटक्यांची रांग, पुढच्या सीटच्या पाठीला मागे उघडणारं छोटं लाकडी टेबल. "काय कारागिरी!" असं म्हणून पाहुणा चहाकडे वळतो. मला त्याला थांबवून बॉनेट उघडावंसं वाटतं. लाकूड हा दर्शनी भाग झाला. या गाडीतली खरी कारागिरी इंजिनाच्या डोक्यात आहे, आणि ती दाखवायला थोडी मेहनत पडते.

हे जग्वारचं एक्सके इंजिन. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते तेव्हा जग्वारचा संस्थापक विल्यम लायन्स आणि त्याचे इंजिनिअर तिथल्या कारखान्यात आगीवर पहारा द्यायला रात्ररात्र बसत. त्या रात्रींमध्ये या इंजिनाच्या गप्पा रंगल्या, असं सांगतात. १९४८ च्या एक्सके १२० मध्ये ते पहिल्यांदा जगासमोर आलं, ल मॉंच्या शर्यतीत पाचदा पहिलं आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट.

कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. इंजिन थंड असताना आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हला चार थाऊ आणि धूर सोडणाऱ्याला सहा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ही फट स्क्रू पिळून कमी-जास्त करता येत नाही. व्हॉल्व्हच्या डोक्यावर पेल्यासारखा टॅपेट उपडा बसतो आणि त्याच्या पोटात पोलादाची एक चकती असते. त्या चकतीवर इंग्रजी अक्षर कोरलेलं. ए म्हणजे ८५ थाऊ जाडी, बी म्हणजे ८६, असं करत झेड म्हणजे ११०. सव्वीस अक्षरं, सव्वीस जाड्या.

काम असं चालतं. कव्हर काढायचं, कॅम एकेका व्हॉल्व्हवर उलटा आणायचा, फिलर गेज सरकवून फट मोजायची आणि बारा आकडे वहीत लिहायचे. मग कॅमशाफ्ट उतरवायचा, लोहचुंबकानं टॅपेट उचलायचा, आतली चकती पुसून अक्षर वाचायचं. धुराच्या व्हॉल्व्हला सहाऐवजी चारच थाऊ फट उरली असेल आणि चकती एम असेल, तर दोन थाऊ बारीक, म्हणजे के घालायची. सगळं बसवून पुन्हा मोजायचं. फिलर गेज फटीतून जाताना किंचित ओढ लागली पाहिजे. ती ओढ किती, हे मी मुलांना फळ्यावर कधीच शिकवू शकलो नाही. त्यांचा हात हातात धरूनच शिकवावं लागलं.

मला या सव्वीस अक्षरांचं फार अप्रूप वाटतं. ज्यानं हे इंजिन आखलं त्याला ठाऊक होतं की कुठलेही दोन व्हॉल्व्ह सारखे बसणार नाहीत, सीट झिजणार आणि कधीतरी, कुठल्यातरी गावात, कुणाला तरी हे डोकं उघडावं लागणार. त्या अनोळखी माणसासाठी त्यानं सोय करून ठेवली. आता कॉव्हेंट्रीहून अक्षरं मागवण्याची चैन मला परवडत नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून कडक केलेल्या पोलादाच्या चकत्या आणतो आणि सरफेस ग्राइंडरवर हव्या त्या मापाला उतरवतो. अंबा घाट उतरला की निम्मं काम झालेलं असतं.

लाकडाकडे मी दुर्लक्ष करत होतो, पण पावसानं करू दिलं नाही. डॅशबोर्डवरचं अक्रोडाचं पातळ व्हिनिअर दमट हवेनं फुगलं आणि उजवीकडच्या फळीला तडा गेला. शहरातल्या एका फर्निचरवाल्यानं तो पुट्टीनं भरून वर चकचकीत पॉलिश मारून दिलं होतं, तेही पुढच्या पावसात फुटलं. मग भाट्याच्या खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या एका मेस्त्रींना घरी आणलं. त्यांनी तड्याकडे पाहिलंही नाही. फळी उलटी करून स्क्रूची भोकं बघितली आणि म्हणाले, "मास्तर, याला चारही बाजूंनी जखडलंय हो. मग ते फुटणार नाही तर काय?" लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. होडीच्या फळ्यांत ते जागा ठेवतात, सांध्यात कापूस ठासतात, आणि होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगून सांधे आपोआप घट्ट होतात. इथे त्यांनी एका बाजूची भोकं कानशीनं लांबट केली, स्क्रूखाली वॉशर दिले. फळी सरकायला मोकळी झाली. फुगलेल्या जागी रेषेच्या दिशेनं पात्यानं चीर दिली, आत पातळ सरस सोडला, वर कागद ठेवून कोमट इस्त्रीनं दाबून धरलं.

सरसावरून आमचं वाजलं. दमट हवेत सरस टिकत नाही, इपॉक्सी वापरा, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, इपॉक्सी टिकेल, पण पुढच्याला ते सोडवता येणार नाही. सरस ऊब दिली की सुटतो. मेस्त्री हसले. म्हणाले, आमच्याकडे आता सगळे फायबरच्या होड्या मागतात, त्यांत तर सांधाच नाही. तक्रारीच्या सुरात नव्हते म्हणाले. फायबरची होडी हलकी, तिला दरवर्षी तेल पाजायला लागत नाही, आणि मच्छीमाराला समुद्रावर जायचं असतं, लाकडाचं कौतुक करत किनाऱ्यावर बसायचं नसतं.

माझंही तसंच आहे. रात्री-अपरात्री घाटातून कुणाला दवाखान्यात न्यायचं तर मी मारुतीची चावी उचलतो. तिच्यात एअरबॅग आहेत, एबीएस आहे आणि ती पहिल्या झटक्यात सुरू होते. जग्वारला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, १९६२ साली ही मोठीच गोष्ट होती, पण ओल्या घाटरस्त्यावर त्यांच्या भरवशावर कुणाचा जीव टांगू नये. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी या गाडीतल्या लुकासच्या वायरिंगसोबत एक पावसाळा काढून बघावा.

आधुनिक गाडीशी माझं भांडण वेगळं आहे. इथल्या एका डॉक्टरांच्या नव्या ब्रिटिश गाडीचं एअर सस्पेन्शन एका जुलैत बसलं. गाडी पोटावर टेकली. चूक कुठे आहे ते स्कॅनरनं लगेच सांगितलं, पण ते युनिट उघडतच नाही, अख्खं बदलायचं. गाडी ट्रकवर चढवून बाहेरगावी गेली आणि आठवडे तिकडेच राहिली. चूक सापडायला क्षण लागला. दुरुस्तीला मात्र गावात कुणाचा हातच पोचत नव्हता. फायबरच्या होडीला भोक पडलं तर मिरकरवाडा बंदरातलं पोरगंही राळ नि फायबरची चटई लावून ते बुजवतं. म्हणजे वस्तू नवी असल्यानं काही बिघडत नाही, ती बंद करून टाकली की बिघडतं.

तसं पाहिलं तर माझी गाडी रस्त्यावर आहे ती नव्या तंत्रामुळेच. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, आता त्यात २० टक्के इथेनॉल आहे. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांचा लगदा करतं. आजच्या रसायनशास्त्रानं त्याला टिकणारं रबर दिलं नसतं तर माझे एसयू कार्बोरेटर कधीच गळून संपले असते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू लागली. त्या नंबरवर रोजचा वापर करता येत नाही, आणि माझा तसा इरादाही नाही. खुद्द जग्वार कंपनीही बदलली: २००८ पासून ती टाटांची आहे. २०२४ मध्ये तिनं ब्रिटनमध्ये नव्या गाड्या विकणं थांबवलं, पुढची जग्वार विजेवर चालणार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मिरजोळे एमआयडीसीत काम करतो आणि रविवारी गाडीवर हात चालवायला येतो. त्यानं मोबाइलवर एक छोटं ॲप बनवलं: बारा फटी टाका, बारा अक्षरं टाका, कुठली चकती हवी ते ॲप सांगतं. माझ्या वहीतली वजाबाकी वाचली. गेल्या खेपेला त्यानं सांगितलेल्या सगळ्या चकत्या बसल्या, फक्त चौथ्या सिलिंडरच्या धुराच्या व्हॉल्व्हला गणित चुकलं. आर काढून पी घातली, तर फट वाढायच्या ऐवजी चारावरून तीन थाऊवर आली. दोघांनी तीन-तीनदा मोजलं. शेवटी काढलेली आर मायक्रोमीटरमध्ये धरली. आर म्हणजे १०२ थाऊ असायला हवी, ही ९९ भरली. आमच्या आधी कुणीतरी, बहुधा मुंबईतल्या कुठल्या गॅरेजात, हवी ती चकती मिळाली नाही म्हणून हीच घासून बसवली होती, आणि अक्षर तसंच राहिलं होतं. घासलेली बाजू आरशासारखी सपाट होती, मला तरी नाव ठेवायला जागा सापडली नाही.

एम घातल्यावर सहा थाऊ बरोबर आले. ॲपमधला अक्षराचा रकाना पोरानं तिथेच बसल्या बसल्या काढून टाकला. आता तिथे मोजलेली जाडी भरावी लागते.