तिसरी दांडी

दुदांडी शिवराईवर ‘छत्र’ वर, ‘पति’ खाली आणि मधे दोन आडव्या रेघा असतात. माझ्या हाती आलेल्या नाण्यावर मी तीन मोजल्या, आणि तिथंच डोकं फिरलं. नाणं पलूसमध्येच तांब्या-पितळेच्या मोडीतून मिळालेलं. 1674 च्या राज्याभिषेकापासूनची शिवराई पुढं पेशवाईत आणि त्यानंतरही ठिकठिकाणच्या टाकसाळींतून पाडली गेली. कुठं ‘शिव’चा ‘सिव’, कुठं ‘ति’ची ‘ती’. नवा प्रकार आपल्यालाच सापडावा अशी हाव सुटायला एवढं पुरेसं असतं.

मी त्याचं ‘तिदांडी’ असं नाव ठेवलं. संग्राहकांच्या एका छोट्या पत्रिकेत लेख लिहिला. कृष्णाकाठच्या एखाद्या खाजगी टाकसाळीची ही खूण असावी, असंही ठोकून दिलं. पुरावा काय, तर नदीकाठचं भिलवडी-औदुंबर इथून जवळ आहे! नंतर त्याच वळणाच्या अक्षरांचं दुसरं नाणं मिळालं. त्यावर तिसरी रेघ निम्मीच होती. मी खूश होऊन त्याला ‘अर्धदांडी उपप्रकार’ म्हटलं. खरं उत्तर त्या दुसऱ्या नाण्यानंच दिलं होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

किर्लोस्करवाडीकडच्या एका वर्कशॉपात प्रेसवर आयुष्य काढलेल्या एका मामांना मी दोन्ही नाणी कौतुकानं दाखवली. त्यांनी नखानं रेघ चाचपली.

“गुरुजी, ही वर आलीया का आत गेलीया?”

“वर आलीय.”

“मग डाय तडकल्याली हाय. आन् कोरणारा गडी ‘प’च्या डोक्यातनं रेघ कशाला वडंल?”

रेघ खरोखरच ‘प’ कापून तिरकी काठापर्यंत गेली होती. डाय म्हणजे ठसा. ठशात जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं, मग ते कोरलेलं अक्षर असो की पोलादाची भेग. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा मात्र आत जातो. हातानं नाणं पाडताना खालचा ठसा ठोकळ्यात घट्ट बसवलेला, वरचा हातात धरलेला. घणाचा घाव वरच्यावर सरळ बसतो, म्हणून तो सहसा आधी झिजतो आणि तडकतोही आधी. भेग एकदा पडली की प्रत्येक घावागणिक लांबत जाते. माझी ‘अर्धदांडी’ त्याच ठशातून आधी पडलेलं नाणं होतं, ‘तिदांडी’ नंतरचं. ‘त्र’चा पाय दोन्हींवर काठाच्या त्याच टिंबाला टेकत होता. भिंग घेऊन पाहिलं असतं तर हे मलाही दिसलं असतं. भिंग होतं, पण मी ते रेघेवरच धरून बसलो होतो.

मग जुन्या नोंदी उघडल्या. एका शिवराईवरची उठावदार टिंबं मी सजावट म्हणून लिहिली होती. ती गंजलेल्या ठशातल्या खड्ड्यांची निघाली. ‘शिव’ची वेलांटी नसलेल्या नाण्यावर कोरक्याला अडाणी ठरवलं होतं. तिथं कोरणीत तेल-मळ बसून ठसा भरला असावा, कारण त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर वेलांटीची पुसट कड दिसते. ‘असावा’ म्हणतो, कारण पहिलं नाणं मीच चिंच-मीठ लावून घासलं होतं. बारीक उठाव त्यातच गेले असतील तर दोष ठशाचा नाही, माझ्या हाताचा.

आजच्या नाण्यांतही मी असाच फसलो होतो. मुंबई टाकसाळीच्या नाण्यावर वर्षाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं. ठशातली ती खूण भरून गेली की मुंबईचं नाणं बिनखुणेचं पडतं. माझ्या वहीत अशी एक-दोन नाणी खुशाल कोलकात्याची म्हणून नोंदलेली होती.

पत्रिकेला दुरुस्ती पाठवली, ती शेवटच्या पानाच्या तळाशी छापून आली. ‘अर्धदांडी’ मी दरम्यान एका संग्राहकाला विकली होती. फोन करून पैसे परत देऊ केले. तो म्हणाला, “राहू द्या हो, तुमचा लेख जोडून पुढं दिलीय मी ती.”