कोणत्या आवृत्तीतली लीळा?

नागपुरात मराठीच्या संशोधक विद्यार्थ्यांबरोबर बसायला लागल्याला बरीच वर्षं झाली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, वर्ध्याकडून मुलं-मुली येतात. विषयावर जीव टाकतात, प्रकरणं लिहिताना रात्री जागवतात आणि संदर्भसूचीचं नाव काढलं की म्हणतात, "मॅडम, ते तं शेवटी करू ना." शेवटी म्हणजे प्रबंध बाइंडिंगला टाकायच्या आदल्या आठवड्यात. तोवर पुस्तकं ग्रंथालयात परत गेलेली असतात. हाती उरतात झेरॉक्सच्या गड्ड्या, आणि त्यांच्यावर पुस्तकाचं नावसुद्धा नसतं.

भंडाऱ्याच्या एका विद्यार्थिनीचा विषय होता लीळाचरित्रातल्या स्त्रिया. लीळाचरित्र म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा, म्हाइंभटांनी संकलित केलेला ग्रंथ; त्यातला एकेक प्रसंग म्हणजे लीळा. प्रकरण सुरेख उतरलं होतं. तळटिपांत मात्र नुसतंच 'लीळाचरित्र, पूर्वार्ध' आणि पुढे लीळेचा क्रमांक. सूचीत डॉ. वि. भि. कोलते यांची १९७८ची प्रत दिलेली होती, म्हणून मी ती कपाटातून काढली आणि तो क्रमांक उघडला. तिथे दुसरीच लीळा. पुढचा क्रमांक पाहिला, तोही जुळेना. ती रडवेली झाली. "मॅडम, मी तं पुस्तकातूनच उतरवलं." तिचं खरंच होतं. तिनं काही लीळा ह. ना. नेने यांच्या नागपूरहून निघालेल्या जुन्या भागांतून घेतल्या होत्या, काही शं. गो. तुळपुळे यांच्या आवृत्तीतून आणि थोड्या कोलत्यांच्या. तिघांनी वेगवेगळ्या पोथ्या वापरल्या, त्यामुळे पाठ वेगळे, लीळांचा क्रम वेगळा, क्रमांकही वेगळे. सूचीत मात्र तिघांचं मिळून एकच पुस्तक झालं होतं.

ती सगळी दुपार आम्ही झेरॉक्सचे कागद वेगळे करण्यात घालवली. अक्षराचा टाइप, समासातले आकडे, पानाच्या तळाशी पाठभेद देण्याची पद्धत, अशा खुणांवरून कोणतं पान कुणाचं ते ठरत गेलं. मग प्रत्येक तळटिपेत संपादकाचं नाव, आवृत्ती आणि लीळेचा क्रमांक गेला. सूचीतली नोंद अशी झाली : कोलते, वि. भि. (संपा.), म्हाइंभट संकलित श्रीचक्रधर लीळाचरित्र, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, मुंबई, १९७८. नेने आणि तुळपुळे यांच्या नोंदी वेगळ्या.

म्हाइंभटांचं काम तिला त्या दिवशी नव्यानं कळलं, असं मला वाटतं. तेराव्या शतकात ऋद्धपूरला चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्यांनी चक्रधरांच्या लीळा ऐकल्या आणि ज्यांच्यादेखत त्या घडल्या त्यांना भेटून पडताळून घेतल्या. पुढे मूळ पोथी हरवल्यावर आठवणीतून पाठ जुळवले गेले, तेव्हाही एखादा पाठ हिराइसा या महानुभाव स्त्रीचा असेल तर तिचं नाव तिथे घातलं गेलं. हे कुण्या विद्यापीठाच्या नियमावलीसाठी केलेलं नव्हतं. कोण काय म्हणालं हे पुढच्याला कळावं, एवढ्यासाठीच ते होतं, आणि सूचीचं कामही तेवढंच आहे.

दुसरं उदाहरण मी वर्गात हमखास देते, कारण तेही आपल्याच गावाशी जोडलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आवृत्तीत कोणतं वचन पाली साहित्यात कुठे सापडतं याचे संदर्भ नव्हते. ते शोधायला भदन्त आनंद कौसल्यायन बसले. त्यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि त्रिपिटकातली मूळ स्थळं धुंडाळली. त्यांचा अखेरचा काळ नागपुरात गेला. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत अकराव्या खंडाला पाली व इतर स्रोतांची वेगळी पुरवणीच जोडली गेली, १९९५मध्ये. एका ग्रंथाचे संदर्भ जुळवायला एवढा व्यासंग आणि एवढी वर्षं लागली, हे ऐकल्यावर मुलं वहीत नोंद करायला लागतात.

काय टिपायचं ते मी हातात पुस्तक घेऊन दाखवते. मुखपृष्ठाचा मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. आतलं शीर्षकाचं पान उलटायचं. त्याच्या पाठीमागे प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, आताची आवृत्ती की नुसतं पुनर्मुद्रण, हे सगळं असतं. झेरॉक्स काढताना आधी ही दोन पानं काढायची. जुन्या पुस्तकावर शके छापलेलं असेल तर तसंच लिहायचं आणि शेजारी इसवी सन द्यायचा. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी ७९. 'ग्रेस' यांची कविता वापरली तर नोंद 'ग्रेस' याच नावाखाली हवी, माणिक गोडघाटे हे नाव कंसात. दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेलं अवतरण मूळ ग्रंथाच्या नावानं खपवायचं नाही. जिथे वाचलं ते पुस्तक सांगायचं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या जुन्या प्रबंधाची सूची तशीच्या तशी उचलणं तर मला अजिबात खपत नाही. तिथली चूक पुढच्या दहा प्रबंधांत जाते आणि न वाचलेली पुस्तकं वाचली म्हणून सांगितली जातात.

उचलेगिरीबद्दलच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनाही विद्यार्थी घाबरतात, इतर मजकुराशी साम्य दहा टक्क्यांच्या आत राहावं म्हणून वाक्यं उलटीपालटी करतात. अवतरणचिन्ह आणि नीट दिलेला संदर्भ असलेला मजकूर त्या मोजणीत धरत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता गडचिरोलीतल्या वडशाकडचा एक मुलगा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर संशोधन करतोय. त्याची साधनं म्हणजे दिवाळीनंतरच्या हंगामातली नाटकांची हस्तपत्रकं आणि नटांच्या मुलाखती. मुलाखतीसाठी आम्ही नाव, वय, गाव, तालुका, दिनांक आणि बोलणं कुठे झालं, एवढं ठरवलं. नाव छापू का, हे आधी विचारायचं. हस्तपत्रकावर वर्ष बहुधा नसतंच, फक्त वार आणि तारीख असते. म्हणून तो आता जुनी पंचांगं काढून बसलाय, तो वार त्या तारखेला कोणत्या वर्षी आला ते शोधत.