कुंपणाची किल्ली

अमेरिकेत पश्चिमेकडे गोऱ्यांच्या वसाहती सरकत गेल्या, तसतशी तेथील मूळ रहिवाशांच्या पायांखालची भूमी सरकत गेली. 1830 च्या कायद्याने चेरोकी लोकांना घरेदारे सोडावी लागली. 1838-39 च्या त्या वाटचालीत सुमारे 4,000 जण दगावले, असे मानले जाते. पुढे अनेक जमातींना राखीव क्षेत्रांत कोंडले गेले आणि त्यांच्या मुलांना दूरच्या वसतिशाळांत धाडले गेले. सेमिनरीत आम्ही हा इतिहास वाचला. बार्शीत सेवाकार्य करू लागल्यावर तो आपल्या सोलापूर जिल्ह्यातही घडला आहे, हे आम्हांस उमगले.

बार्शी ही जुनी पेठ. 1897 मध्ये येथे छोटी आगगाडी आली. देशभर रूळ आणि सडका वाढल्या, तसा बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहणाऱ्या लमाणांचा व्यापार बसला. जंगलाचे कायदे कडक झाले, तशी पारध्यांची शिकारही गेली. पोटाच्या वाटा अशा बंद होत असतानाच सरकारने 1871 मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ कायदा केला. 1911 च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही अमलात आला. मूल जन्मताच गुन्हेगार ठरू लागले!

सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. आत रोजची हजेरी. बाहेर पडायचे तर परवानगी. स्त्री-पुरुष गिरण्यांत राबत. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्याच मिशनच्या मातृसंस्थेने अमेरिकेत चेरोकींमध्येही कार्य केले होते. तिचे एक धर्मसेवक, सॅम्युअल वूस्टर, चेरोकींची बाजू घेतल्यामुळे 1831 मध्ये तुरुंगात गेले होते. तेथे दुर्बलांसाठी तुरुंग पत्करणारी संस्था येथे कुंपणाची किल्ली सांभाळत होती. मिशनऱ्यांनी शिक्षण दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु ज्याला दाराबाहेर जाण्याची मुभा नाही, त्याच्यावर केलेली दया अपुरीच राहते.

ही गोष्ट प्रॉटेस्टंट बांधवांची, असे म्हणून आपण कॅथोलिकांनी हात झटकू नयेत. कॅनडातील वसतिशाळांपैकी अनेक आपल्याच धर्मसंघांनी चालविल्या. दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी जुलै 2022 मध्ये तेथे जाऊन आदिवासींची क्षमा मागितली. परक्या भूमीवर ‘शोधकर्त्या’ ख्रिस्ती राष्ट्रांचा हक्क सांगणारी जुनी भूमिका मार्च 2023 मध्ये व्हॅटिकनने स्पष्टपणे नाकारली.

आपल्याकडे 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. सोलापुरातील त्या वस्तीला मात्र आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. नावे अशी चिकटून राहतात, तशी संशयाची सवयही. घरभेटीला निघालो की एखादी माउली काळजीने सांगते, “फादर, माळावर पारध्यांची पालं आहेत, अंधार पडायच्या आत परत फिरा.” तिच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. पण त्या पालांतील आईही तिन्हीसांजेला गावकऱ्यांच्या आणि पोलिसांच्या भीतीने लेकरे जवळ ओढत असेल, याचा विचार आपण कधी केला आहे का?

वाचकहो, तारा निघाल्या, मनातले कुंपण उरले आहे. त्याची किल्ली कोणत्याही सरकारकडे नाही. गावात चोरी झाली की पुराव्याआधी पालांचे नाव न घेणे, आणि त्या पालांतील मूल शाळेत आले तर आपल्या मुलाला त्याच्या शेजारी बसू देणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.