सा.न.वि.वि.

अर्धांगवायूनं बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांच्या टायपिंगचं काय होणार हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. तो त्यांना पडला. चौथ्या महिन्यात ते म्हणाले, "अक्काला पत्र पाठवायचंय. तुला सांगून नाही, माझं मी."

त्यांच्या नोकरीची पहिली वर्षं मराठी टाइपरायटरवर गेली, नंतरची संगणकावर, इन्स्क्रिप्टमध्ये. इन्स्क्रिप्टची मांडणी नेटकी आहे: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. बाबा कीबोर्डसमोर बसले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे नुसत्या वेलांट्या उरल्या."

विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबली की स्टिकी कीज सुरू करता येतात. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, एका बोटानं भागतं. पण डावा हात सारखा पलीकडे नेऊन ते दमायचे. म्हणून ऑटोहॉटकी हा फुकट मिळणारा प्रोग्राम घेतला. साध्या फाइलमध्ये एकेक ओळ लिहायची: दोन कोलन, लघुरूप, पुन्हा दोन कोलन, मग पूर्ण मजकूर. लघुरूप टाइप करून स्पेस दाबली की त्याजागी पूर्ण मजकूर येतो.

मी उत्साहानं चाळीस ओळी करून ठेवल्या. 'मी बरा आहे.' 'औषध घेतलं.' 'काळजी नसावी.' बाबांनी यादी शेवटपर्यंत वाचली.

"हे तू माझ्याबद्दल लोकांना फोनवर सांगतेस ते आहे. मी असलं काही लिहीत नाही."

चाळीसच्या चाळीस पुसल्या. मग ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पहिलं लघुरूप 'सानविवि'. जन्मभर त्यांनी पत्रं याच चार अक्षरांनी सुरू केली होती. आपल्याकडे शॉर्टकट पोस्टकार्डावरच होते. त्यांनी एकेक कळ दाबली, शेवटी स्पेस. पडद्यावर उमटलं: साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ते बघत राहिले. "हे पूर्ण मी कधी लिहिलंच नव्हतं."

यादी अकरा ओळींवर थांबली. त्यात पाऊसपाणी होतं, विहिरीची चौकशी होती, भाच्यासाठी एक ठेवणीतली शिवी होती. तब्येतीचा शब्द नव्हता.

पत्राला दीड तास लागला. मी स्वयंपाकघरातच थांबले. नंतर त्यांनी वाचायला बोलावलं. शेवटी लिहिलं होतं, 'मजकूर माझ्या हातचा आहे.'

ही ओळ यादीत नव्हती.